जुन्या जीपचं जाम झालेलं स्टिअरिंग: शोधायचं कसं, सोडवायचं कसं

पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली जीप चवथीच्या सुमारास बाहेर काढावी, बॅटरी चढवावी, इंजीन लगेच सुरूही व्हावं, आणि स्टिअरिंग मात्र दोन्ही हातांनी ओढूनही हलू नये. गोव्यात जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हे नवीन नाही. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. किनाऱ्यालगत खारा वारा बारमाही, आणि आत डिचोली, सत्तरी, सांग्याकडे गेलं की तांबडी माती. ही माती गाडीखाली एकदा चिकटली की वाळल्यासारखी दिसते, पण आतून ओल धरून राहते. बॉल जॉइंटचं, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांमधल्या फिरत्या सांध्याचं, रबर फाटलेलं असेल तर ती थेट आत शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून जॉइंट घासत बसते.

ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. कुळ्याहून दूधसागरकडे जाणाऱ्या वाटेसारख्या रस्त्यावर चाकाचा तापलेला हब, म्हणजे मधला गाभा, अचानक गार पाण्यात उतरतो. आतली हवा आकुंचन पावते आणि ऑइल सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. सील नवं असेल तर थेंबभर, जुनं असेल तर पेलाभर. ते पाणी किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खिळ्यावर डावी-उजवीकडे वळतं त्याच्या, बेअरिंगपर्यंत पोचतं आणि गाडी उभी राहिली की निवांतपणे गंज चढवतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून जिथे दोन भाग मुळातच घट्ट बसलेले असतात तिथे तो पाचर मारल्यासारखा रुतून बसतो.

पुढचं सगळं महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी धाटणीच्या जीपला धरून लिहितो आहे, कारण तिच्यात जाम होण्याच्या जागा सगळ्यात जास्त. मारुतीच्या जिप्सीबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी साखळी समजून घ्या

स्टिअरिंग फिरवलं की कॉलममधला शाफ्ट खालच्या बॉक्समधला कॅम फिरवतो. कॅममुळे बॉक्समधून बाहेर आलेला शाफ्ट थोडासा वळतो आणि त्यावर बसवलेला ड्रॉप आर्म पुढे-मागे होतो. ड्रॉप आर्मला जोडलेली ड्रॅग लिंक चॅसीच्या पुढच्या क्रॉस मेंबरवरच्या, म्हणजे आडव्या दांडीवरच्या, बेलक्रँकला ढकलते. बेलक्रँक ही मधोमध फिरणारी तरफ. बेलक्रँकपासून दोन टाय रॉड निघतात, एक डाव्या नकलला, म्हणजे चाक धरून वळणाऱ्या भागाला, एक उजव्या नकलला. नकल वर-खाली दोन किंगपिनांवर, टेपर रोलर बेअरिंगवर फिरतं.

म्हणजे जाम होऊ शकतील अशा जागा दहा-बारा, आणि हाताला लागणारा जडपणा मात्र एकच. बहुतेक गॅरेजांत इथेच गडबड होते. स्टिअरिंग जड आहे म्हटल्यावर बॉक्स उघडला जातो, त्यात नवे बुश पडतात, पैसे जातात, आणि गाडी होती तशीच जड राहते, कारण जाम होता तो डाव्या चाकाचा किंगपिन. माझ्या मते या कामातला निम्मा वेळ शोधण्यात गेला तरी तो वाया जात नाही.

आणखी एक. जुन्या जीपमध्ये कुणीतरी कधीतरी दुसऱ्याच गाडीचा बॉक्स किंवा ॲक्सल बसवलेला असतो. त्यामुळे गाडीखाली पडून, टॉर्च घेऊन, आपल्या गाडीत खरंच काय आहे ते बघा आणि प्रत्येक जोडाचे फोटो काढून ठेवा.

तीन ठिकाणी तोडून शोधणं

गाडी सपाट जागी घ्या. मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा. पुढचा ॲक्सल जॅकनं उचलून लोखंडी स्टँडवर ठेवा, आणि अंगण मातीचं असेल तर स्टँडखाली जाड फळी घाला. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात, ते उचलून गाडीखाली लावायचा मोह होतो. लावू नका. चिरा भार घेतो असं वाटतं, पण एका टोकावर वजन आलं की कसलीही सूचना न देता फुटतो.

चाकं हवेत असताना स्टिअरिंग फिरवून बघा. हवेत ते मोकळं फिरत असेल आणि जमिनीवरच जड असेल तर काही जाम झालेलं नाही. टायरमधली हवा आणि टायरची रुंदी बघा. रुबाबासाठी रुंद टायर घातलेल्या कितीतरी जीपा उगाचच ‘जाम’ म्हणून गॅरेजला येतात.

हवेतही जड असेल तर पहिला तोड ड्रॉप आर्मपाशी. तिथली ड्रॅग लिंक सोडवा आणि स्टिअरिंग हलक्या हातानं फिरवा. दोन्ही टोकांना आपटू देऊ नका, आतल्या भागांना मार बसतो. अजूनही जड? मग दोष बॉक्समध्ये किंवा कॉलममध्ये. मोकळं झालं? मग दोष पुढे.

दुसरा तोड टाय रॉड जिथे नकलला जोडतात तिथे, दोन्ही बाजूंना. आता बेलक्रँक हातानं हलवा. तो दोन बोटांनी फिरला पाहिजे आणि वर-खाली डुलता कामा नये.

आता चाक धरून एकेक नकल डावी-उजवीकडे वळवा. एका हातानं, थोडा समान विरोध लागत, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हवं. एक बाजू मोकळी आणि दुसरी जड असेल तर उत्तर समोरच आहे. मधोमध खाच लागल्यासारखं अडकत असेल तर बेअरिंगच्या वाटीत रोलरांनी खड्डे पाडले आहेत. अशी गाडी चालवताना वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, ते हातानं आणावं लागतं. ही खूण लक्षात असली तर गाडी न उघडताही किंगपिनचा संशय घेता येतो.

तेल, वेळ आणि आच

सोडवायच्या प्रत्येक जोडावरची माती आधी वायर ब्रशनं आणि रॉकेलनं काढा. मातीवर तेल मारलं तर ते माती पिते, आट्यांपर्यंत पोचत नाही. मग गंज सोडवणारं तेल. डब्ल्यूडी-फॉर्टीचा डबा सगळीकडे मिळतो आणि हलक्या गंजाला चालतो. जुनाट गंजाला मी ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून वापरतो. हे मिश्रण अतिशय पातळ असतं, बारीक फटीत चढत जातं. मात्र ॲसिटोन भडकन पेटतं, आणि उघडं ठेवलं तर उडून जातं. लागेल तेवढंच काचेच्या बाटलीत बनवा आणि जिथे नंतर आच लावायची आहे तिथे ते मारूच नका.

तेल एकदा मारून लगेच पाना लावण्यात अर्थ नाही. संध्याकाळी मारा, जोडावर लहान हातोडीनं टकटक करा म्हणजे गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत शिरतं. वर तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळून त्यावर प्लास्टिक बांधा. सकाळी पुन्हा तेच. वाळपईकडचे एक जुने मिस्त्री अडकलेल्या नटाला तेल सोडून सरळ दुसऱ्या गाडीकडे वळतात आणि दोन दिवस त्या नटाकडे बघतही नाहीत. गिऱ्हाईक चडफडतं, पण त्यांच्या हातून बोल्ट तुटलेला मी पाहिलेला नाही.

तेलानं काम झालं नाही तर आच, पण ॲसिटोन न मारलेल्या जोडालाच. लोखंड तापल्यावर फार वाढतं असा समज आहे, पण हिशेब करून बघा: २० मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी तापवलं तर जेमतेम ०.०५ मिलिमीटरनं मोठं होतं. गंजाची पकड मोडायला मात्र तेवढं पुरतं, अट एवढीच की बाहेरचा भाग पटकन तापला पाहिजे, आतला गार असतानाच. म्हणून मंद आचेवर तासभर शेकण्यापेक्षा ब्लो लॅम्प किंवा गॅसची तेज ज्योत थोडा वेळ बरी. गरम जोडाला मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण फटीत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. ही युक्ती जुनी आहे आणि चालते.

आच कुठे नाही लावायची तेही पक्कं हवं. ड्रॉप आर्म, नकलचे आर्म, बॉल जॉइंटचा दांडा हे घडवून, पाणी देऊन कडक केलेले भाग आहेत. ते लाल झाले की कडकपणा गेला. लोखंडावर निळी छटा आली म्हणजे तापमान साधारण ३०० अंशांपर्यंत गेलं, त्याच्या आधीच थांबा. पुन्हा वापरायच्या बॉल जॉइंटला तर आच नकोच. आतलं ग्रीस उकळून तो फुटू शकतो. ब्रेकचा रबरी पाइप शेजारीच असतो, त्यावर ओलं फडकं टाका आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. स्प्रेनं ब्रेक साफ केले असतील तर तो पूर्ण वाळू द्या. क्लोरीन असलेल्या क्लीनरवर ज्योत गेली की विषारी वायू तयार होतो.

ड्रॅग लिंक

हिच्या दोन्ही टोकांना पोकळीत वाट्या, स्प्रिंग आणि शेवटी मोठ्या खाचेचा बूच असतो. बूच फिरू नये म्हणून त्याला आडवी कॉटर पिन. पिन गंजून तुटते, तेव्हा उरलेला तुकडा बारीक पंचनं ठोकून काढा, नाहीतर बूच फिरणारच नाही आणि तुम्ही खाच झिजवत बसाल. ही खाच रुंद असते, साधा स्क्रू ड्रायव्हर तिच्यात डुगडुगतो. स्प्रिंगच्या पाट्याचा जुना तुकडा ग्राइंडरवर घासून खाचेत गच्च बसेल असा करा, त्याला पाना लावा, आणि पाना फिरवताना दुसऱ्या हातानं तुकड्याच्या डोक्यावर हातोडीचे ठोके द्या.

आतले भाग बाहेर येतील त्याच क्रमानं कागदावर मांडा. पुढच्या आणि मागच्या टोकाला स्प्रिंगची जागा सारखी असेलच असं नाही. परत बसवताना बूच आधी बॉलवर घट्ट आवळायचा, मग बेलक्रँकच्या टोकाला अर्धा फेरा आणि ड्रॉप आर्मच्या टोकाला पूर्ण एक फेरा मागे घ्यायचा, आणि नवी कॉटर पिन घालायची. बूच आवळूनच ठेवला तर जॉइंटला हलायला जागा उरत नाही. काही वेळा ‘जाम’ स्टिअरिंगचं सगळं रहस्य एवढ्यातच असतं.

टाय रॉड एंड निसटवणं

टाय रॉड एंड म्हणजे रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट. त्याचा दांडा खाली निमुळता असतो आणि आर्मच्या निमुळत्या भोकात पकड घेऊन बसतो. नट काढला तरी तो जागचा हलत नाही. त्यावर खालून हातोडा मारणं ही सगळ्यात सर्रास चूक. आटे चेपतात आणि दांडा होता तिथेच राहतो.

ठोका आर्मच्या डोळ्यावर, बाजूनं द्यायचा. नट पूर्ण न काढता काही आट्यांवर राहू द्या, म्हणजे निसटल्यावर रॉड अंगावर पडणार नाही. एका बाजूला जड हातोडा आधाराला धरा आणि समोरून दुसऱ्या हातोड्यानं जोरकस, थेट ठोका मारा. भोक क्षणभर लंबगोल होतं आणि दांडा ‘टप्’ आवाज करून सुटतो. दोन-चार नेमके ठोके पुरतात. शंभर भित्रे ठोके नुसते ओरखडे उठवतात. तरीही हटला नाही तर पुलर लावून ताण द्या आणि ताण असतानाच पुन्हा बाजूनं ठोका. दुतोंडी पाचर मारून काढायची पद्धतही आहे, पण तिनं रबर हमखास फाटतं. एंड टाकूनच द्यायचा असेल तरच ती वापरा.

टाय रॉडचे आटे

एंड टाय रॉडच्या नळीत आट्यांनी बसतो. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे, म्हणजे नळी फिरवली की दोन्ही एंड एकदम आत किंवा बाहेर जातात. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेलं असणं, जुळवायला केलेली ही सोय. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही की नळी, एंड आणि क्लॅम्प यांचा एकच गोळा होतो.

गाडीवरच झटापट करू नका. अख्खा रॉड काढून वाइसमध्ये घ्या. आधी दोन्ही ग्रीस निप्पलांमधलं अंतर मोजून खडूनं भिंतीवर लिहून ठेवा. परत बसवताना निदान गाडी गॅरेजपर्यंत सरळ जाईल. मग कुठलं टोक डाव्या आट्याचं ते ओळखा. दांडा उभा धरला की उजवे आटे उजवीकडे चढत जातात आणि डावे डावीकडे. न बघता जोर लावला तर अर्ध्या वेळा तुम्ही एंड आणखी आवळत असता.

क्लॅम्पचे बोल्ट छोटे आणि पूर्ण गंजलेले असतात. ते वाचवण्यात वेळ घालवू नका, ग्राइंडरनं कापा आणि क्लॅम्पही नवे घ्या. क्लॅम्प निघाला की नळीच्या टोकाला उभी चीर दिसेल. तीत चपटी छिन्नी हलकेच घालून नळी केसभर उघडा. आता रॉड उभा करा, चीर वर येईल असा, आणि तेल ओता. ते आट्यांवर साचून राहतं आणि आपल्या वजनानं खाली उतरतं. हे एक रात्र. दुसऱ्या दिवशी टोक उलटं करून दुसरी बाजू.

सोडवताना आधी थोडं आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या दिशेनं. पाव फेरा सुटला की लगेच मागे, पुन्हा तेल, पुन्हा पुढे. गंजाचा भुगा आट्यांत अडकून पुन्हा जाम करतो, म्हणून ही ये-जा लागते. एका दमात ओढलात तर आटे घसटून निघतील. नळीला पाइप पाना लावायचाच असेल तर मधोमध, टोकाला नाही. टोक चेपलं की चीर बंद होते आणि पकड दुप्पट होते.

रबर फाटलेला, डुलणारा एंड वाचवून काय करायचं आहे? तो नवा घेणारच असाल तर नळीच्या टोकाला बिनधास्त आच द्या, एंडचं डोकं पाइप घालून पिळा. नळी मात्र वाकडी होता कामा नये. ती काचेवर लोळवून बघितली की वाक लगेच कळतो.

एंड निघाल्यावर नळीतले आटे साफ करायला टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हवा. उजव्या आट्याचा मिळतो, डाव्याचा दुकानात सहसा नसतो. त्यावर तोडगा: जुन्याच डाव्या एंडच्या आट्यांवर ग्राइंडरच्या पातळ चकतीनं लांबीनं तीन-चार खाचा पाडा. तो तेल लावून नळीत फिरवला की खाचांमध्ये गंज गोळा होत जातो आणि आटे लख्ख होतात.

नवा एंड बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस लावा. निमुळत्या दांड्याला मात्र कसलंही ग्रीस नको. तो आणि त्याचं भोक कोरडं, स्वच्छ हवं. दोन्ही टोकांचे एंड सारखे आत जातील असे फिरवा, आणि आटे क्लॅम्पच्या पुढे नळीत पोचलेले असू द्या.

बेलक्रँक

बेलक्रँकमध्ये सुई बेअरिंग आणि ती फिरतात तो शाफ्ट. ग्रीस निप्पल असतो, पण मातीनं बुजलेला असतो, म्हणून ग्रीस गन मारल्यावर ग्रीस बाजूनं पडतं आणि आपल्याला वाटतं आत गेलं. निप्पल काढा, भोक तारेनं साफ करा, नवा निप्पल बसवा आणि मग ग्रीस मारा. कडेनं काळं, मग तांबूस, मग स्वच्छ ग्रीस येऊ लागलं आणि बेलक्रँक मोकळा झाला, तर काम तिथेच झालं.

तसं झालं नाही तर शाफ्ट काढावा लागेल. तो क्रॉस मेंबरमधून ठोकून काढताना त्याला अडवणारा बोल्ट किंवा पिन कुठे आहे ते आधी शोधा, आणि ठोका पितळी सळीनं द्या. शाफ्टवर सुयांच्या रेघा उमटलेल्या असतात. अशा शाफ्टवर नवी बेअरिंग घालणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याला आमंत्रण. शाफ्ट, बेअरिंग, वॉशर आणि सील असा किट घ्या. इथल्या दुकानांत नसेल तर बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. तिथे लेथवाल्याकडून शाफ्ट बनवूनही मिळतो, फक्त तो कडक करून घ्यायला विसरू नका.

किंगपिन

हे सगळ्यात घाण आणि सगळ्यात समाधानाचं काम. दिवसभराचा वेळ आणि जुने कपडे हवेत.

नकलच्या आतल्या बाजूला, ॲक्सलच्या गोलावर घासणारं मोठं ऑइल सील असतं, पट्टीवर आठ बोल्टांनी बसवलेलं. आधी फक्त ते सोडवा आणि नकल पुन्हा फिरवून बघा. कधी कधी ॲक्सलचा गोलच गंजून खरबरीत झालेला असतो आणि सील त्यावर ब्रेकसारखं चिकटतं. तसं असेल तर गोल बारीक पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायचा आणि नवं सील. बेअरिंगला हातही लावावा लागत नाही.

नाहीतर पुढे. चाक, हब, ब्रेकची प्लेट आणि स्पिंडल काढा. ब्रेकची प्लेट तारेनं चॅसीला टांगा, पाइपवर लोंबकळू देऊ नका. ॲक्सलचा आतला शाफ्ट जॉइंटसकट ओढून घ्या. आत दुधट, चहाच्या रंगाचा चिखल दिसला तर पाणी कधीपासून आत आहे याचा अंदाज येईल. मग वरची आणि खालची कॅप, प्रत्येकी चार बोल्ट. वरच्या कॅपखाली शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, असतात. कॅप अडकली म्हणून फटीत छिन्नी घातलीत तर शिम चुरगळतील. कॅपवर बाजूनं लाकडी किंवा रबरी हातोडा मारत ती वळवून सैल करा. कुठल्या बाजूच्या कुठल्या कॅपखालचे किती शिम, ते तारेत ओवून चिठ्ठी लावून ठेवा.

बेअरिंगचे रोलर काळे पडले असतील, वाटीत खड्डे असतील, तर वाटी आणि रोलर दोन्ही बदला. अर्धं नवं अर्धं जुनं चालत नाही. वाटी ॲक्सलच्या गोलातून निघत नसेल तर तिच्या आतल्या कडेनं वेल्डिंगची एक बारीक रेघ फिरवा; गार होताना वाटी आकसते आणि जवळजवळ हातानं निघते. स्टिअरिंगच्या कामात वेल्डिंगला मी देतो ती एवढीच जागा, आणि तीही भंगारात जाणाऱ्या वाटीपुरती. चिरलेला आर्म, वाकलेला रॉड, झिजलेला ड्रॉप आर्म वेल्ड करून घालायचा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे चहा पाजा आणि गाडी दुसरीकडे न्या.

बसवल्यावर सील न लावता, टाय रॉड न जोडता नकल फिरवा. वर-खाली अजिबात हालचाल नको आणि फिरताना किंचित विरोध हवा. हालचाल असेल तर शिम कमी करा, फार जड असेल तर वाढवा. कंपनीच्या पुस्तकात हा विरोध ताणकाट्यानं मोजायचा आकडा दिलेला असतो. काटा नकलच्या आर्मच्या टोकाला अडकवून ओढायचा आणि दोन्ही बाजू सारख्या आणायच्या.

बॉक्स आणि कॉलम

पहिल्या तोडात दोष इकडे निघाला असेल तर बॉक्स उघडण्याआधी एक गोष्ट करा: डॅशबोर्डखालचा कॉलमचा कंस आणि बॉक्स चॅसीला धरणारे बोल्ट सैल करा. स्टिअरिंग लगेच हलकं झालं तर कॉलम वाकडा ताणून बसवला होता, एवढंच. त्याला आपल्या जागी बसू द्या आणि बोल्ट पुन्हा आवळा.

नंतर बॉक्सच्या बाजूच्या कव्हरवरचा ॲडजस्टिंग स्क्रू बघा. स्टिअरिंगचा खुळखुळा घालवायला कुणीतरी तो नको इतका पिळून ठेवलेला असतो. चाकं सरळ असताना मध्यावर किंचित जाणवेल एवढाच ताण पुरे. तेलाची पातळीही बघा. गळती थांबावी म्हणून बॉक्समध्ये ग्रीस ठासायची पद्धत आपल्याकडे आहे; ते कॅमपासून बाजूला ढकललं जातं, परत येत नाही, आणि वरची बेअरिंग कोरडी पडते.

ड्रॉप आर्म काढायचा झाला तर आधी आर्म आणि शाफ्टवर एकच खूण मारा. पुलर लावा, ताण द्या, पुलरच्या बोल्टच्या डोक्यावर एक ठोका. निघाला नाही तर ताण तसाच ठेवून रात्रभर सोडा. शाफ्टच्या टोकावर घण मारलात तर आर्म निघेल की नाही सांगता येत नाही, बॉक्समधले भाग मात्र नक्की खराब होतील.

काढलेले छोटे भाग

वॉशर, क्लॅम्प, वाट्या यांचा गंज काढायला व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवणं पुरतं. माडाच्या सुरेचा घरचा विनागर त्यासाठी खर्च करू नका, तो जेवणात बरा. किराणा दुकानातला स्वस्त पांढरा आणा. सकाळी सोड्याच्या पाण्यात धुऊन, वाळवून लगेच तेल लावा, नाहीतर दुपारपर्यंत पुन्हा तांबडा गंज. स्प्रिंग आणि बेअरिंग ॲसिडमध्ये टाकू नका, ती ठिसूळ होतात.

जिप्सी असेल तर

१९८५ मध्ये आलेल्या जिप्सीत बेलक्रँक नाही. ड्रॉप आर्मपासून ड्रॅग लिंक, आणि दोन्ही नकलना जोडणारा एक टाय रॉड. शोधायची पद्धत तीच, फक्त सगळ्यात आधी स्टिअरिंग डँपर, म्हणजे हिसके शोषणारा भाग, सोडवा. त्याची दांडी गंजून अडकते आणि सगळं स्टिअरिंग जाम असल्याचा भास होतो. किंगपिन आणि शिमचं काम जवळपास सारखंच, सीलची रचना थोडी वेगळी.

जोडणी आणि तपासणी

कॉटर पिन सगळ्या नव्या. नटची खाच भोकाशी जुळली नाही तर नट आणखी आवळून जुळवायचा, मागे घेऊन नाही.

टो-इनसाठी बेलक्रँकचा टाय रॉडकडचा भाग ॲक्सलशी काटकोनात आणा, डावं चाक सरळ करून डाव्या टाय रॉडची लांबी ठरवा, मग उजव्या रॉडनं टो-इन. टायरच्या मधोमध खडूची रेघ मारा, हबच्या उंचीला पुढचं आणि मागचं अंतर मोजा. सीजे-३बी जीपला पुढचं अंतर ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण १ ते २.५ मिलिमीटर कमी हवं. क्लॅम्प आवळताना त्यांचे बोल्ट कुठे घासत नाहीत ना ते स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. ब्रेकचा पाइपही त्याच वेळी बघून घ्या.

पहिली चक्कर मोकळ्या मैदानात, सावकाश. किनाऱ्यावर गाडी नेणं गोव्यात कायद्यानं बंद आहे, आणि खाऱ्या वाळूत नेऊन आत्ताच सोडवलेल्या जोडांना मीठ खाऊ घालायचं कारणही नाही. शंभरएक किलोमीटरनंतर प्रत्येक नटला पुन्हा पाना लावा. लिथियमचं ई.पी.-२ ग्रीस दर १६०० किलोमीटरला, आणि ओढा ओलांडून आलात तर त्याच दिवशी, सगळ्या निप्पलांना. नकलच्या भरणीचा बूच उघडून बोट घाला. ग्रीस दुधट दिसलं तर सगळं काढून नवं भरा. पावसाळ्यात गाडी उभीच ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा पुढचा ॲक्सल उचलून स्टिअरिंग चार-पाच वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.